पूल की साकव?

शाळेची बस हा नीतिशास्त्राचा विषय आहे असे म्हटले तर पुष्कळ वाचक हसतील. बस वेळेवर येते किंवा येत नाही; इरियाच्या खिडकीतून अर्ज आत सरकवायचा, मंजूर झाला तर ठीक, नाही तर घरी येऊन चरफडायचे. आपल्यापैकी बहुतेकांच्या लेखी हा विषय एवढ्यावरच संपतो. परंतु मुलाला घरापासून शाळेपर्यंत पोहोचविण्याचे कर्तव्य नेमके कोणाचे, बापाचे, गावाचे की सरकारचे, हा वाद आपल्या पूर्वजांनी दीड हजाराहून अधिक वर्षांपूर्वी घातलेला आहे. आणि तो इतक्या बारकाईने घातला आहे की आजच्या शिक्षण मंत्रालयाच्या परिपत्रकांनाही त्यातून काही शिकता येईल.

तालमुदाच्या बावा बात्रा या भागात, एकविसाव्या पानावर, मुलांच्या शाळा कशा निघाल्या याची हकीकत आली आहे. प्रथम ज्याने त्याने आपल्या मुलाला घरी शिकवावे अशी रीत होती. त्यामुळे ज्याला बाप नाही ते पोर अडाणी राहू लागले. म्हणून यरुशलेममध्ये शिक्षक नेमण्यात आले. तरी अडचण सरली नाही, कारण ज्याला बाप होता त्याला बाप हात धरून यरुशलेमला घेऊन जाई. ज्याला नव्हता त्याला कोण नेणार? मग प्रांतोप्रांती शिक्षक नेमले. पण तेथे सोळा-सतरा वर्षांची मुले घेत, आणि गुरुजी रागावले की ती उठून चालती होत. शेवटी, दुसऱ्या मंदिराच्या अखेरच्या काळात, यहोशुआ बेन गमला या मुख्य याजकाने गावोगावी शिक्षक नेमून सहा-सात वर्षांच्या मुलांना त्यांच्यापुढे बसविण्याची पद्धत घातली, आणि तेव्हापासून तोरा विस्मृतीत जाण्याचे संकट टळले, असे तालमूदकार सांगतात.

ही गोष्ट आपण शिक्षणाची म्हणून ऐकतो. आमच्या मते ती वाहतुकीची गोष्ट आहे. यरुशलेममध्ये शिक्षक होते आणि शाळाही होती. कमी पडला तो रस्ता. शाळा सर्वांना उघडी असूनही तिचा लाभ फक्त ज्याचा हात धरणारा कोणी आहे त्यालाच झाला. सर्वांसाठी म्हणून केलेली सोय सर्वांपर्यंत पोहोचत नाही तेव्हा ती मधल्या रस्त्यात कोठे अडते, हे इतक्या साधेपणाने सांगणारी दुसरी हकीकत आमच्या वाचनात नाही.

त्याच पानावर पुढे रावा या पंडिताचा निर्णय आहे. बेन गमलाच्या व्यवस्थेनंतर मुलाला शिकण्यासाठी एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायचे नाही. एकाच गावात एका सिनेगॉगमधून दुसऱ्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे कोकणात आपले वाडवडील जिला मशीद म्हणत तिच्यात, नेण्यास हरकत नाही. पण मध्ये नदी असेल तर नेऊ नये. नदीवर पूल असेल तर न्यावे. आणि नुसती फळी टाकलेली असेल तर नेऊ नये.

कोकणातल्या माणसाला ही फळी समजावून सांगावी लागत नाही. ती म्हणजे साकव. पावसाळ्यात ओढ्यावर लाकडाचे एक-दोन ओंडके आडवे टाकायचे, धरायला बांबू असला तर असला, आणि खालून तांबडे पाणी घोंघावत जायचे. मोठा माणूस डोक्यावर भारा घेऊन तो साकव सहज ओलांडतो. सहा वर्षांच्या पोराने ओलांडताना मात्र आईचा जीव थाऱ्यावर राहत नाही. (तालमुदात फळीसाठी जो अरामी शब्द आहे तोही गमलाच, शाळा काढणाऱ्याच्या बापाचे नाव आणि मुलाला अडविणाऱ्या फळीचे नाव एकच, हा योगायोग आम्हाला मोठा मौजेचा वाटतो.)

रावाने अंतर मोजले नाही हे लक्षात घेण्यासारखे आहे. नदीच्या पलीकडची शाळा शंभर पावलांवर असेल, अलीकडची हजार पावलांवर. त्याने विचारले ते इतकेच, की मुलाच्या आणि शाळेच्या मध्ये काय आहे? आणि जे आहे ते मोठ्या माणसाच्या पायाने नव्हे, मुलाच्या पायाने ओलांडता येईल का?

आता आपल्या आजच्या सरकारकडे वळू. इस्राएलमध्ये सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १९४९ साली झाला, राज्य स्थापन होऊन जेमतेम वर्ष उलटले असताना. त्या वेळी सक्ती ५ ते १३ वर्षांपर्यंत होती; आता ती तिसऱ्या वर्षापासून बारावीपर्यंत पोहोचली आहे. मुलांच्या प्रवासाचा, म्हणजे हसाओतचा, नियम ठोकळमानाने असा की बालवाडीपासून चौथीपर्यंतच्या मुलाची शाळा घरापासून २ किलोमीटरहून दूर असेल, किंवा पाचवीपासून पुढच्या मुलाची ३ किलोमीटरहून दूर असेल, तर शिक्षण मंत्रालय त्याच्या प्रवासखर्चात वाटा उचलते. व्यवस्था करायची ती इरियाने किंवा प्रादेशिक परिषदेने. कोठे खास बस असते, कोठे सार्वजनिक बसचा पास मिळतो.

या २ आणि ३ किलोमीटरच्या आकड्यांवर टीका करणे सोपे आहे. १९५० मीटरवर राहणाऱ्या पहिलीतल्या मुलीने चालावे आणि तिच्या शेजारच्या इमारतीतल्या मुलीने बसने जावे, यात न्याय कोणता? आकड्याला चढ दिसत नाही, ऊन दिसत नाही, चार पदरी हमरस्ता दिसत नाही. बीरशेव्याला किंवा दिमोन्याला सप्टेंबरच्या दुपारी दोन वाजता पाठीवर दप्तर घेऊन २ किलोमीटर चालणे आणि नाहरियाला समुद्राच्या वाऱ्यावर तेवढेच चालणे यांना सारखे म्हणणारा माणूस एक तर हिशेबनीस असावा किंवा कधी चाललेला नसावा.

तरी आम्ही आकड्याच्या बाजूने दोन शब्द बोलणार आहोत, कारण ते बोलणारे फारसे कोणी भेटत नाही. आपले लोक या देशात आले तेव्हा त्यांच्याजवळ हिब्रू नव्हती, ओळखी नव्हत्या, आणि ज्याला येथे थट्टेने ‘व्हिटामिन पी’ म्हणतात ती प्रोटेक्त्सिया तर मुळीच नव्हती. अशा माणसाला ‘तुमची अडचण समजावून सांगा, साहेब विचार करतील’ हे वाक्य उदार वाटत नाही. त्याला ते भिंतीसारखे वाटते. समजावून सांगायला भाषा लागते, दिवसाचा रोज बुडवावा लागतो, कोणाशी बोलावे हे ठाऊक असावे लागते. उलट ‘२ किलोमीटर’ एवढे मोडक्यातोडक्या हिब्रूतही म्हणता येते. जेथे आकडा नसतो तेथे साहेबाची मर्जी असते, आणि मर्जी ही नेहमी ज्याला बाप आहे त्याच्याच बाजूला झुकते. रूक्ष असेल, आंधळा असेल, पण ज्याचा हात धरणारे कोणी नाही त्याचा हा आकडाच बाप आहे.

म्हणजे पेच असा आहे. आकडा टाकला तर वशिला आत शिरतो. आकडाच धरून बसले तर मूल साकवावर उभे राहते. हा पेच केवळ आपल्याच देशात पडलेला नाही. इंग्लंडमध्ये १९४४ च्या शिक्षण कायद्याखाली आठ वर्षांच्या आतील मुलासाठी २ मैल आणि त्यावरील मुलासाठी ३ मैल अशी मर्यादा होती. एसेक्स परगण्यातील एका मुलीची शाळा जवळच्या वाटेने ३ मैलांहून किंचित कमी अंतरावर होती. पण ती वाट ओसाड माळावरची, दिव्याविना, हिवाळ्यात चिखलाची. परगण्याने बस नाकारली, मुलगी शाळेत जाईना, आणि पालकांवर खटला झाला. प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले. १९८६ साली तेथील न्यायमूर्तींनी निर्णय दिला की मुलाबरोबर कोणी मोठे माणूस असेल तर जी वाट बऱ्यापैकी सुरक्षित ठरते, ती वाट कायद्याने उपलब्धच समजावी.

‘मोठे माणूस बरोबर असेल तर.’ हा निर्णय देणारे न्यायमूर्ती विद्वान होते, कायद्याच्या शब्दांचा त्यांनी लावलेला अर्थही कदाचित बरोबर असेल. पण त्यांनी आपल्याला सरळ बेन गमलाच्या आधीच्या काळात नेऊन सोडले, कारण ज्याला बाप आहे त्याला बाप नेईल हेच त्याचे तात्पर्य. ज्या घरी आई पहाटे कामाला जाते आणि बाप नाही, किंवा असून नसल्यासारखा आहे, त्या घरच्या मुलीने काय करावे? त्याच वर्षी तेथील पार्लमेंटने कायद्यात दुरुस्ती करून मुलाचे वय आणि वाटेचे स्वरूप विचारात घेणे परगण्यांना बंधनकारक केले, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

भारतात २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला. त्याच्या अंमलबजावणीसाठी केंद्र सरकारने २०१० साली जे नमुना-नियम केले त्यांत लहान मुलांसाठी १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर ही मर्यादा आहे. पण लगेच पुढे असेही म्हटले आहे की जेथे डोंगराळ मुलूख, दरडी, पूर, रस्त्यांचा अभाव यांमुळे लहान मुलांच्या वाटेत धोका असेल तेथे ही मर्यादा कमी करून सरकारनेच शाळेची जागा तशी निवडावी. आणि जेथे पोहोचणे अवघड व जवळ शाळाच नाही तेथे मोफत वाहतुकीची किंवा निवासाची व्यवस्था करावी. कागदावरचे हे शब्द आणि रायगड-रत्नागिरीच्या एखाद्या वाडीतली प्रत्यक्ष स्थिती यांत किती अंतर आहे हे वाचकांना सांगायला नको. पण विचाराची दिशा आम्हाला पसंत आहे. आकडा ठेवला आहे, म्हणजे गरिबाला बोट दाखवायला जागा राहिली; आणि साकव आहे की पूल हे पाहण्याची जबाबदारी अर्जदारावर न टाकता सरकारवर टाकली. आई येऊन ओरडेपर्यंत वाट पाहायची नाही. माणूस पाठवून वाट पाहून यायचे.

कुंडलिकेच्या खाडीवर रेवदंडा-साळाव पूल होण्यापूर्वी लोक तरीने पैलतीरी जात. तर चुकली की दिवस चुकला. आपल्या आजी-आज्यांच्या पिढीतल्या कितीतरी बायकांचे शिक्षण दुसरी-तिसरीत थांबले, आणि कारण विचारले तर त्या ‘शाळा लांब होती’ एवढेच सांगत. लांब म्हणजे किती, हे कोणी मैलांत मोजले नव्हते. भावांना पाठवले जाई, त्यांना पाठवले जात नसे, इतके ते अंतर होते. महाराष्ट्र सरकारने पुढे ग्रामीण भागातील शाळकरी मुलींना अहिल्याबाई होळकर यांच्या नावाने एस.टी.चा मोफत पास देण्यास सुरुवात केली. हा खर्च पाहून नाक मुरडणाऱ्यांनी त्या आजींना विचारायला हवे होते.

खर्चाचा विषय निघालाच आहे. बसला पैसे लागतात, आणि ते कोठून तरी येतात. मंत्रालयाचा वाटा सर्व गावांना सारखा नसतो. उरलेला भार गावाने उचलायचा. ज्या शहराला कचेऱ्या आणि कारखान्यांकडून भरपूर अर्नोना मिळतो ते शहर मंत्रालयाच्या नियमापलीकडेही हात सैल सोडू शकते. ज्या गावाचा खजिना रिकामा आहे त्याला नियमाइतके देतानाही धाप लागते. एकाच राज्याच्या दोन मुलांमध्ये हा फरक पडावा हे आम्हाला पटत नाही. सक्ती सर्वांना सारखी आहे. घराला दोन खोल्या असोत की सात, मूल शाळेत गेले नाही तर कायदा दोघांच्याही दारात येतो. मग त्या सक्तीबरोबर येणारी वाटखर्ची गावाच्या ऐपतीवर का सोडावी?

इरिया बसचे काम मिखराझ काढून, म्हणजे निविदा मागवून, कंपनीला देते. किंमत जितकी खाली तितकी काम मिळण्याची आशा अधिक. सार्वजनिक पैशाची काळजी घेतलीच पाहिजे, याविषयी आमचे दुमत नाही. परंतु स्वस्ताईची किंमत कोणीतरी भरतोच. कधी ती ड्रायव्हर आपल्या झोपेतून भरतो, कधी दोन फेऱ्यांची एक फेरी केल्यामुळे मुले भरतात, सकाळी पाऊण तास आधी उठून. हिशेबाच्या वहीत मुलाच्या झोपेचा रकाना नसतो, म्हणून ती बचत दिसते. आणि या देशात बसचा विचार करताना २२ मे १९७० ही तारीख विसरता येत नाही. त्या सकाळी लेबाननच्या सीमेवरील अविविम मोशावची शाळेची बस हल्ल्यात सापडली; १२ जणांचा बळी गेला, त्यांत ९ मुले होती. मुलांना बसमध्ये बसवून हात हलवणे म्हणजे काय, हे येथल्या आयांना वेगळे सांगावे लागत नाही.

एक गोष्ट मात्र या राज्याने चांगली केली. १९९४ साली अपंग मुलांच्या सुरक्षित वाहतुकीचा कायदा झाला. त्याने अशा मुलाला घरापासून शाळेपर्यंत आणि परत सुखरूप नेणे हे स्थानिक सत्तेचे कर्तव्य ठरवले. यापूर्वी अशा मुलांना नेले जात नव्हते असे नाही. पण दयेने नेणे आणि हक्काने नेणे यांत फरक आहे. हेसेद आणि झेखूत हे दोन शब्द हिब्रूत उगाच वेगळे नाहीत. दयेने नेलेल्या मुलाची आई ड्रायव्हर उशिरा आला तरी गप्प बसते. हक्काने नेलेल्या मुलाची आई फोन उचलते. आपल्यातल्या काही भगिनी अशा गाड्यांवर मलावा म्हणून, मुलांची सोबत करण्याचे, काम करतात. पगार बेताचा, सकाळ भल्या पहाटे सुरू होणारी. मुलाचा पट्टा बांधणे, औषधाची पिशवी सांभाळणे, रडू आले तर गाणे म्हणणे, हे सारे त्या करतात. लॉर्ड्सनी जे मोठे माणूस गृहीत धरले होते ते येथे सरकारच्या पैशाने प्रत्यक्ष नेमलेले असते, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

आता जरा अवघड जागी येतो. दिमोना, यरुहाम, बीरशेवा या भागांत राहणाऱ्या वाचकांनी सकाळी हमरस्त्याच्या कडेला उभी असलेली बदाविन मुले पाहिली असतील. ज्या वस्त्यांना सरकारने मान्यता दिलेली नाही त्यांच्यापर्यंत डांबरी रस्ता जात नाही. म्हणून बस घराजवळ येत नाही, मूल बसजवळ येते. नेगेवमध्ये पाऊस थोडा, पण आला की कोरड्या वादीतून लोंढा धावतो, आणि त्या दिवशी शाळा बुडते. अबू तलूल भागातील मुलींसाठी जवळ हायस्कूल असावे म्हणून २००५ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज करण्यात आला होता. शाळा दूर असल्यामुळे मुली शिक्षण सोडतात, हा त्यातला मुख्य मुद्दा होता. वाचताना आम्हाला आपल्या आज्यांचे ‘शाळा लांब होती’ हे शब्द आठवले.

यावर आपले काही बांधव म्हणतील की ती घरे परवानगीविना बांधलेली आहेत. सरकारने तेथे बस का पाठवावी? जमिनीचा वाद खरा आहे, जुना आहे, आणि तो या पानांवर सुटणार नाही. परंतु सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यात मुलाने परवाना दाखवावा असे म्हटलेले नाही. रावानेही नदी कोणाच्या हद्दीत आहे हे विचारले नव्हते. सहा वर्षांच्या मुलाने जमिनीचा दावा लावलेला नसतो, त्याने फक्त वादी ओलांडायची असते. ज्या समाजाला १९६० च्या दशकात या देशात स्वतःच्या ओळखीचे कागद पुन्हापुन्हा दाखवावे लागले, त्या समाजाने तरी दुसऱ्याच्या मुलाला रस्त्याच्या कडेला उभे करून त्याच्या बापाचे कागद मागू नयेत असे आम्हाला वाटते. हे मत सर्वांना रुचणार नाही, याची जाणीव आहे.

सरकारला इतके बोल लावल्यावर पालकांकडेही पाहू. बस आली पाहिजे म्हणून सह्या गोळा करणारे आपणच, आणि बस सुरू झाल्यावर ‘थांबा माझ्या इमारतीखालीच हवा’ म्हणून भांडणारेही आपणच. फेरीत एक थांबा वाढला की आधी बसलेल्या सर्व मुलांची तीन-चार मिनिटे जातात. असे सहा थांबे वाढले की शेवटच्या टोकाच्या मुलाची वीस मिनिटांची झोप जाते. ती कोणी चोरली असे कोणाला वाटत नाही, कारण प्रत्येकाने फक्त तीन मिनिटेच घेतलेली असतात. शिवाय टोकाला राहणारा बहुधा स्वस्त घर शोधत तेथे गेलेला असतो; त्याला सभेला यायला वेळ नसतो. दूरच्या नातेवाइकाचा पत्ता देऊन बसचा हक्क मिळविणारेही आपल्यात नाहीत असे नाही. ‘सरकारचे आहे, कोणाचे काय जाते?’ असे ते विचारतात. बसमधली जागा जाते, आणि ती ज्याला खरोखर २ किलोमीटर चालायचे आहे त्याची असते.

अशाच एका पालकसभेत एका गृहस्थांनी सूचना मांडली. सकाळी बस टोकापासून मुले घेत शाळेकडे येते आणि दुपारी त्याच वाटेने उलटी जाते. त्यामुळे जो सकाळी सर्वांत आधी चढतो तोच दुपारी सर्वांत शेवटी उतरतो, आणि दोन्ही वेळचा लांब प्रवास एकाच मुलाच्या वाट्याला येतो. त्याऐवजी दुपारी बस आधी टोकाला नेऊन तेथून सकाळच्याच क्रमाने मुले सोडीत आणावी, म्हणजे पहिला चढणारा पहिला उतरेल. डिझेल थोडे अधिक लागेल, आणि शाळेजवळ राहणाऱ्या मुलांना घरी पोहोचायला उशीर होईल. शाळेजवळ राहणाऱ्यांची संख्या सभेत जास्त होती. तासभर बोलणे झाले, चहा झाला, आणि विषय पुढच्या सभेवर टाकण्यात आला.